खोप्यातल्या बिया आणि साळूची हरकत

नदीच्या अलीकडे एक दाट रान होतं आणि त्या रानात, टेकडीच्या पायथ्याशी करवंदीच्या जाळीमागे, एक साळू राहत असे. साळू म्हणजे साळिंदर, बरं का मुलांनो! अंगभर हातहात लांब काळेपांढरे काटे, त्यामुळे लांबून बघणाऱ्याला वाटावं, काय ही भांडखोर बाई! पण स्वभावाने इतकी भिडस्त, की समोरून साधा ससा आला तरी हीच वाट सोडून बाजूला उभी राहायची. दिवसभर बिळात झोपायचं, अंधार पडला की कंदमुळं शोधायला निघायचं आणि उजाडायच्या आत घरी यायचं, असा तिचा नेम. बिळात तिची दोन पिल्लं होती. त्यांचे काटे अजून गवताच्या काडीसारखे मऊ होते.

त्या रानाची एक जुनी रीत होती. कुणाचं भांडण झालं, कुणावर आळ आला, तर न्याय करायचा तो पाच पंचांनी. आणि हे पंच कुणी नेमायचे नाहीत. वडाच्या फांदीला सुगरणीचा एक जुना खोपा टांगलेला होता. प्रत्येक घराची एकेक बी ठरलेली. मोराची गुंज, खारीचा चिंचोका, घोरपडीची करंजी, साळूचा सागरगोटा. ज्याने त्याने आपली बी आपल्या हाताने किंवा चोचीने त्या खोप्यात टाकायची. मग खोपा हलवायचा, डोळे मिटून पाच बिया काढायच्या, आणि ज्यांच्या निघतील ते पंच. सगळं कसं सोपं आणि सरळ!

वैशाखातल्या एका सकाळी ओढ्याकाठी एकच ओरडा झाला. "धावा, धावा! उंबराची साल सोलली! उंबर मेला!" ओरडत होता वानरांचा म्होरक्या. सगळं रान धावलं. बघतात तो काय, ओढ्याकाठच्या थोरल्या उंबराची साल बुंध्याशी चांगली वीतभर रुंद सोललेली, आणि पांढरा चीक खाली ओघळलेला. उंबर म्हणजे रानाचं अन्नछत्रच. पाखरं, वानरं, खारी, हरणं सगळी त्याच्या फळांवर जगायची.

वानर म्हणाला, "काल सांजेला झाड धड होतं. तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय की नाही? आणि आज सकाळी मी येऊन बघतो तर ही दशा! म्हणजे हे रात्रीचं काम. रात्री जागतं कोण? आणि साल कुरतडणारे दात कुणाला आहेत?"

कुणी नाव घेतलं नाही, पण सगळ्यांच्या माना करवंदीच्या जाळीकडे वळल्या. जाळीमागे बिचारी साळू दोन्ही पिल्लांना पोटाशी घेऊन गाढ झोपली होती. आपल्यावर काय किटाळ आलंय याची तिला गंधवार्ताही नव्हती.

दुपारी तिची शेजारीण खारूताई धापा टाकत बिळाच्या तोंडाशी आली आणि तिने झाला प्रकार सांगितला. "परवा सकाळी सभा आहे गं," ती म्हणाली. "आळ खरा ठरला तर तुला रान सोडून नदीपल्याड जावं लागेल. पिल्लांसकट."

साळूच्या तोंडचं पाणीच पळालं. नदीपल्याड उघडा खडकाळ माळ. तिथे ना कंद, ना जाळी, ना बीळ खणायला माती. मऊ काट्यांची पिल्लं तिथे दोन दिवसदेखील तगली नसती. तिचे काटे भीतीने खुळखुळ वाजायला लागले. "अगं, पण मी काल रात्री ओढ्याकडे फिरकलेसुद्धा नाही! मी टेकडीमागे होते," ती म्हणाली.

"मला माहीत आहे ना. तू कशाला काळजी करतेस?" खारूताईने इकडेतिकडे बघून आवाज खाली केला. "आज सकाळीच पंच निवडले. त्यात माझा चिंचोका निघालाय! मी आहे, मोर आहे, मैना, पोपट आणि सरडा. मैना माझी मैत्रीण. मी तिला सांगते. पोपटाला पेरू दिला की तो काहीही बोलतो. तू नुसती गप्प उभी राहा, बाकी मी सांभाळते."

साळूला आधी हायसं वाटलं. खारूताईने पाठ फिरवली आणि शेपूट उडवत ती झाडावर चढूनही गेली. मग साळू बिळात जाऊन पडली, पण झोप काही येईना. काहीतरी टोचत होतं, आणि या वेळी ते तिचे स्वतःचे काटे नव्हते. आज सकाळी पंच निवडले म्हणे. सकाळी? पण माझी बी? मी तर झोपले होते! माझा सागरगोटा खोप्यात टाकला कुणी?

आठवून आठवून ती थकली. गेल्या वर्षी तिने बी टाकली होती का? नाही. त्याच्या आदल्या वर्षी? तेव्हाही नाही. वटवाघूळ कधी पंच झालेलं आठवतंय? रानडुक्कर? ससा? घुबड? छे! गेल्या तीन वर्षांत रात्री जागणारं एकही जनावर पंच झालं नव्हतं. आणि गंमत म्हणजे ही गोष्ट कुणाच्या लक्षातही आली नव्हती!

सभेच्या सकाळी वडाखाली ही गर्दी! साळू डोळे किलकिले करत उभी होती. ऊन तिला सोसवत नव्हतं आणि इतक्या नजरा तर त्याहून सोसवत नव्हत्या. सभेचा कारभारी होता रानकोंबडा. लालभडक तुरा, मान ताठ, आणि प्रत्येक वाक्याच्या आधी एकदा पंख फडफडवायची सवय. मनाने वाईट नव्हता हो, पण स्वतःच्या कारभारावर फार खूश.

त्याने पंख फडफडवले. "शांत व्हा! पाच पंच आपापल्या फांदीवर बसले आहेत. वानरराव, आपली तक्रार मांडा."

वानर पुढे आला. डावा हात काखेत दाबून धरलेला, उजव्या हाताने छाती बडवत त्याने अशी काही तक्रार मांडली, की ऐकणाऱ्या दोन चिमण्या रडायलाच लागल्या. "या उंबराने आम्हाला आईसारखं जगवलं," तो म्हणाला, "आणि या काटेरी बाईने त्याची कातडी सोलली!"

"आता पंचांनी—" कोंबड्याने सुरुवात केली.

"थांबा," कुणीतरी म्हणालं.

इतक्या हळू आवाजात, की कुणी बोललं की पान पडलं हेच कळेना. सगळे इकडेतिकडे बघू लागले. बोलली होती साळू. समोर फांदीवरून खारूताई डोळे मोठे करून तिला खुणावत होती, 'गप्प बस! गप्प बस ना!' साळूच्या मनात आलं, खरंच गप्प बसावं का? खारू सांभाळेल. पिल्लं आपल्याच बिळात राहतील. उगाच नसती उठाठेव कशाला? आणि मग तिला वाटलं, पण उद्या ससा इथे उभा असेल आणि त्याची कुणी खारूताई पंचांत नसेल, तर?

"थांबा," ती पुन्हा म्हणाली, आणि या वेळी जरा मोठ्याने. "पंचांनी पहिला शब्द काढायच्या आत मला हरकत घ्यायची आहे."

"हरकत? कसली हरकत?" कोंबडा दचकला.

"पंचांच्या निवडीवर."

काय सांगू मुलांनो, वडाखाली जो गलका झाला! मोराच्या तर नाकाला मिरच्या झोंबल्या. "म्हणजे आम्ही खोटे? आम्ही लबाड?" असं म्हणत त्याने रागाने पिसाराच उभारला. वानराला तेच हवं होतं. "बघा, बघा!" तो ओरडला. "पंचांवरच हिचा विश्वास नाही! जी खरी असते ती असली घाबरते का कधी?"

साळूचे सगळे काटे थरथरत होते. पण पाय तिने घट्ट रोवले. "मोरदादा, रागावू नका," ती म्हणाली. "तुम्ही चांगलेच आहात. पाचही जण चांगले आहेत, त्यातली एक तर माझी जिवाभावाची मैत्रीण आहे. माझी तक्रार पंचांवर नाहीच. पंच ज्या खोप्यातून निघाले त्या खोप्यावर आहे. त्यात सगळ्या रानाच्या बिया आहेत का, एवढंच मला बघायचंय. खोपा खाली उतरवा आणि सगळ्यांसमोर ओता."

आता मात्र सगळे वडाच्या मुळाशी बसलेल्या म्हाताऱ्या कासवाकडे बघू लागले. कासवआजोबा रानातले सगळ्यांत वयस्कर. ते निकाल कधी देत नसत. रीत पाळली जाते की नाही एवढंच बघायचं त्यांचं काम, आणि बहुतेक वेळ ते डुलक्याच काढत. त्यांनी सावकाश मान बाहेर काढली, एक डोळा उघडला आणि म्हणाले, "मागतेय ते रीतीला धरून आहे. ओता."

खोपा उतरला, जमिनीवर पालथा झाला. चिंचोका घरंगळला, गुंज टपकली, करंजी पडली. साळू एकेक बी नाकाने पुढे ढकलत बघत गेली. "सशाची बोराची आठळी? नाही. घुबडाचा रिठा? नाही. वटवाघळाची जांभळाची बी? नाही. रानडुकराची आंब्याची कोय? एवढी मोठी कोय, ती तरी दिसली असती, पण नाही. आणि माझा सागरगोटा? तोही नाही." ती थांबली. "आजोबा, अर्धं रान या खोप्यात नाहीच!"

कोंबड्याचा तुरा जरासा कलंडला.

"कारभारी," कासवआजोबा म्हणाले, "बिया टाकायची वेळ कोणती?"

"सकाळची, आजोबा! मी स्वतः आरवतो, सगळ्यांना बोलावतो. जे येतात ते टाकतात. जे येत नाहीत त्यांना मी काय करू?"

"सकाळची कधीपासून झाली? माझ्या वेळी सांजेची होती. दिवसाचे झोपायला जायच्या आधी आणि रात्रीचे उठल्यावर, दोघंही जागे असतील अशी तेवढी एकच वेळ. रीत सांगते, बी ज्याची त्याने टाकायची, आणि वेळ सांजेची."

कोंबडा या पायावरून त्या पायावर होऊ लागला. आधी खाकरला, मग पंख फडफडवले, मग तेही अर्धवट सोडून दिले. शेवटी एकदाचं बोलून टाकलं. "त्याचं काय आहे आजोबा… सांज झाली, की मला डोळे उघडे ठेवताच येत नाहीत. आमच्या घराण्यातच आहे ते. सूर्य कलला की मान पडलीच! दोनदा मी खोप्यातच डोकं घालून झोपलो. मग म्हटलं, एवढ्याशा कामासाठी सांजेपर्यंत कशाला ताटकळायचं? सकाळी उरकून टाकू. तीन वर्षं झाली, कुणी हरकत घेतली नाही!"

"कशी घेतील?" कासवआजोबा म्हणाले. "ज्यांनी घ्यायची ते सगळे झोपलेले!"

त्यावर असा हशा पिकला, की मोरानेसुद्धा पिसारा मिटला. तोही हसत होता. कोंबडा मात्र लाजून आपल्याच पंखात तोंड खुपसून बसला.

कासवआजोबांनी पाय आपटला. "हरकत मान्य आहे. हे पंच बरखास्त. सांजेला सगळ्यांच्या बिया नव्याने पडतील आणि नव्याने निघतील. तोवर घरी जा."

वानर चरफडला. "एवढ्या तेवढ्यावरून? झाडाचं काय ते बघा ना!" पण त्याचं कोण ऐकतंय! लोकांना केव्हा एकदा सांज होते असं झालं होतं.

घरी जाताना खारूताई फुगून पुढे पुढे उड्या मारत होती. मग न राहवून बोललीच. "मला हाकललंस तू पंचांतून! मी तुला वाचवणार होते ना?"

"होतीस," साळू म्हणाली. "आणि मग रान काय म्हणालं असतं? मैत्रिणीने सोडवली म्हणालं असतं. रोज संध्याकाळी मी बाहेर पडले की माझ्या पाठीमागे कुजबुज झाली असती. मला नुसतं सुटायचं नाही गं खारू. माझ्या पिल्लांनी या रानात मान वर करून हिंडायला हवं."

खारूताईने नाक मुरडलं. पण थोड्या वेळाने ती दोन करवंदं घेऊन पिल्लांकडे आली, म्हणजे राग गेला होता.

सांज झाली. टेकडीआड सूर्य उतरला, आभाळ केशरी झालं, आणि त्या वडाखाली कधी नव्हे ती अशी काही जत्रा भरली! एकीकडून पाखरं परतत होती, दुसरीकडून घुबड जांभया देत येत होतं. शेजारी असून ज्यांनी एकमेकांना वर्षानुवर्षं पाहिलं नव्हतं ते एकमेकांना भेटत होते. "अहो, तुम्हीच का त्या ढोलीतले?" "अगंबाई, रोज पहाटे चिवचिव करता त्या तुम्हीच होय!" असं चाललेलं. टप टप टप बिया पडत होत्या. वटवाघळाने उलटं लटकूनच आपली जांभळाची बी खोप्यात सोडली. साळूने आपला सागरगोटा टाकला. तो आत जाताना टक्क असा आवाज झाला आणि तिला उगाचच भरून आलं.

कोंबडा डोळे ताणून ताणून उभा होता. त्याने खोपा हलवला, डोळे मिटले, आणि मिटल्या मिटल्या घोरायलाच लागला! "अहो कारभारी!" सगळे ओरडले. तो दचकून जागा झाला आणि त्याने चोच आत घातली.

पहिली निघाली गुंज. मोरच पुन्हा! "बघा, मी नको होतो ना?" मोर ऐटीत म्हणाला, आणि साळू हसून म्हणाली, "मी असं म्हणालेच नव्हते." दुसरी बोराची आठळी, म्हणजे ससा. तिसरी करंजी, म्हणजे घोरपड. चौथी जांभळाची बी, वटवाघूळ. आणि पाचवी काढताना कोंबड्याची मान जड झाली, कारण निघाली ती भली मोठी आंब्याची कोय.

रानडुक्कर!

साऱ्या रानाला ठाऊक होतं, की साळूचं आणि रानडुकराचं विळ्याभोपळ्याइतकं सख्य. कंदांच्या एकाच वाफ्यावर दोघांचा डोळा. गेल्याच वर्षी त्या भांडणात साळूने त्याच्या नाकाडात तीन काटे रुतवले होते आणि त्याचे व्रण अजून दिसत होते. रानडुक्कर घुरघुरत पुढे आला आणि साळूकडे असं काही बघितलं, की खारूताईने डोळेच झाकून घेतले.

"साळूताई," ती कुजबुजली, "याच्यावर हरकत घे! घे ना पटकन!"

साळूने रानडुकराकडे पाहिलं. मैत्रीण गेली होती आणि तिच्या जागी हा आला होता. नदीपल्याडचा उघडा माळ तिला डोळ्यांसमोर दिसत होता. हरकत घ्यावी? कासवआजोबा तिच्याकडे बघत होते. पण ज्या रीतीसाठी आपण सकाळी सगळ्या रानासमोर उभ्या राहिलो, तीच रीत आता आपल्या गैरसोयीची झाली म्हणून मोडायची?

"त्याची बी सगळ्यांबरोबर पडली आणि सगळ्यांसमोर निघाली," ती म्हणाली. "माझी हरकत नाही."

रानडुक्कर घुरघुरायचा थांबला. त्याने पुन्हा एकदा तिच्याकडे बघितलं, पण या वेळी जरा वेगळ्या नजरेने.

पाच पंच उंबराकडे निघाले. पाठोपाठ सगळं रान. अजून पुरता उजेड गेला नव्हता. वानराने तीच तक्रार पुन्हा सांगितली, तीच छाती बडवली, तोच डावा हात काखेत. साळूने फक्त एवढंच सांगितलं, "मी त्या रात्री टेकडीमागे होते. मला पाहणारं कुणी नव्हतं."

वटवाघूळ फडफडत बुंध्याजवळ गेलं आणि उलटं लटकून वाळलेल्या चिकाकडे बघू लागलं. मग म्हणालं, "मला एक सांगा. साल सोलली की चीक लगेच वाहतो ना?"

"हो."

"आणि घटकाभरात वाळून घट्ट होतो?"

"होतो की."

"मग ओल्या चिकात जे किडे अडकले ते साल सोलली त्याच वेळचे." असं म्हणून त्याने चिकात रुतलेला एक किडा दातांनी उपटला आणि सरळ तोंडात टाकला. सगळ्यांनी तोंडं वाकडी केली. वटवाघूळ मात्र मजेत चावत म्हणालं, "मधमाशी. आणि ही दुसरी? हीसुद्धा मधमाशीच. ही हिरवी माशी. अहो, मी जन्मभर रात्रीचे किडे खाऊन जगतोय. रात्री या झाडाभोवती पतंग असतात, डास असतात, भुंगेरे असतात. मधमाशी रात्री पोळ्याबाहेर पडतच नाही! इथे एकही पतंग नाही. ही साल उजाडल्यावर सोललेली आहे."

मोर पुटपुटला, "आम्ही परवा सकाळी पाहिलं होतं हे. आम्हाला वाटलं, किडा तो किडा!"

वानराने घाईघाईने तोंड घातलं. "असेल! मग ही सकाळी आली असेल चोरून!"

"सरक बाजूला," रानडुक्कर म्हणाला. तो बुंध्याशी गेला, सोललेल्या जागेला नाक लावलं, कडा नीट निरखली. बराच वेळ लावला त्याने. साळूचे काटे पुन्हा खुळखुळायला लागले. पिल्लं करवंदीच्या जाळीतून टुकूटुकू बघत होती.

रानडुक्कर वळला. "ही साळू मला आवडत नाही," तो म्हणाला. "माझे कंद खाते. हिच्यामुळे माझं नाक विद्रूप झालं. आणि म्हणूनच सांगतो, हिचे दात माझ्याइतके या रानात कुणाला माहीत नाहीत! रोज माझ्या उरलेल्या कंदांवर बघतो ना! दोन रुंद खाचा, शेजारी शेजारी, छिन्नीने पाडल्यासारख्या. या सालीवर तशी एकही खाच नाही. ही कुरतडलेलीच नाही. नखांनी धरून वरच्या बाजूला ओढून काढलीय, हातांनी." त्याने जोरात श्वास सोडला. "साळूने हे केलेलं नाही. आणि हे मी म्हणतोय!"

पाचही पंचांनी माना डोलावल्या. साळू सुटली!

आता बघा हं, दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर चार जणांनी शंका काढली असती. पण रानडुकराने सांगितल्यावर शंका काढायला जागाच उरली नाही. साळूला तर काय करावं ते सुचेना. ती रडली, हसली, आणि आनंदाने गोल गोल फिरायला लागली, तेव्हा आजूबाजूच्यांना जीव मुठीत धरून पळावं लागलं. काटे होते ना!

"पण मग हातांनी सोललं कुणी?" सशाने विचारलं.

कुणी उत्तर देण्याआधी खारूताई टुणकन उडी मारून वानराच्या खांद्यावर बसली. "वानरराव, तीन दिवस बघतेय, तुमचा डावा हात दुखतोय का हो?" आणि तिने त्याच्या काखेत अशी काही गुदगुली केली, की वानराचा हात आपोआप वर गेला. बोटांवरचे केस वाळलेल्या चिकाने गोळा होऊन एकमेकांना चिकटलेले, आणि त्यात सालीचे तुकडे!

वानराने मान खाली घातली. "उंबरं पिकायला अजून वेळ होता," तो हळूच म्हणाला. "भूक आवरेना. सकाळी खायला म्हणून थोडीशीच साल काढणार होतो, पण भसकन मोठी सालच हातात आली. मग घाबरलो. म्हटलं, जी झोपलेली असते तिच्या नावावर खपून जाईल."

त्याला नदीपल्याड घालवा, असं चार जण ओरडले. पण पंचांनी नव्याने विचार केला. त्यांनी ठरवलं, की उंबराच्या जखमेला ओढ्यातल्या ओल्या चिखलाचा लेप रोज वानराने लावायचा, जखम भरेपर्यंत. आणि साळूची माफी सगळ्यांसमोर मागायची. वानराने माफी मागितली, अगदी मनापासून. लेप मात्र पहिल्या दिवशी त्याने इतका लावला, की झाडापेक्षा तोच जास्त माखला.

तेव्हापासून त्या रानात पंच निवडायचे ते सांजेलाच. कारभारी कोंबडाच राहिला, कारण काम त्याला आवडायचं आणि आपली चूक त्याने सगळ्यांसमोर कबूल केली होती. सांज झाली की त्याची मान अजूनही पडते. पण आता साळू त्याच्या शेजारी उभी असते. त्याने घोरायला सुरुवात केली रे केली, की ती अंग झटकते आणि सगळे काटे खुळखुळ वाजवते. कोंबडा दचकून जागा होतो, ओरडतो, "कुणाची बी राहिली का?" आणि खोपा हलवतो. साळूची पिल्लं त्याची हुबेहूब नक्कल करतात. परवा त्यांचे काटेही पहिल्यांदा वाजले, आणि रानडुक्कर दोन पावलं मागे सरला म्हणे!

तात्पर्य : न्याय करणारे कितीही भले असले, तरी त्यांची निवड योग्य रीतीने झाली नसेल तर वेळेवर आणि निर्भयपणे हरकत घ्यावी; आणि निवड योग्य झाली, की निघालेलं नाव आपल्या सोयीचं नसलं तरी ते मानावं.